वाटाड्याविना पॉम्पेई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाटाड्या न घेता पॉम्पेई नीट समजते का?

समजते, मात्र थोडी पूर्वतयारी लागते. पॉम्पेई हा एखादा किल्ला किंवा एकटे मंदिर नाही. इटलीत नेपल्सजवळ तटबंदीच्या आत सुमारे ६६ हेक्टरांवर वसलेले, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेलेले ते अख्खे रोमन शहर आहे आणि त्याचा जवळपास एक तृतीयांश भाग अजून उत्खननाविना जमिनीखाली आहे. गटाबरोबर फिरणारा वाटाड्या दोन तासांत चौक, हमामखाना, एखादे मोठे घर आणि वेश्यागृह दाखवून मोकळा होतो. त्या ठिकाणांची माहिती पुस्तकातही मिळते. त्याच्यामागे चालताना जे निसटते ते म्हणजे एखाद्या निर्जन गल्लीत उभे राहून दुकानाचा उंबरठा न्याहाळण्याची सवड, आणि माझ्या मते पॉम्पेईला जायचे ते त्यासाठीच. रोमन इतिहासाची अजिबात ओळख नसेल आणि हाताशी जेमतेम तीन तास असतील, तर मात्र अधिकृत परवानाधारक वाटाड्या घेणे शहाणपणाचे ठरेल.

किती वेळ राखून ठेवावा?

किमान पाच तास. सकाळी दार उघडताना आत शिरून दुपारी तीन-चारला बाहेर पडता आले, तर उत्तम. सगळे शहर एका दिवसात पाहून होत नाही आणि तसा हट्टही धरू नये. तसे करणारे लोक शेवटच्या तासाला नकाशाकडे बघत नुसते चालत असतात. आठ-दहा ठिकाणे निवडावीत आणि मधला वेळ रस्त्यांना द्यावा.

कोणत्या महिन्यात जावे?

एप्रिल, मेचा पहिला पंधरवडा आणि ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान ३० अंशांच्या वर जाते. ते आकडे विदर्भातल्या माणसाला किरकोळ वाटतील, पण पॉम्पेईत छप्पर असलेली घरे मोजकीच आहेत, झाडे कमी आहेत आणि पायाखालचा काळा दगड दुपारपर्यंत तापून निघतो. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात स्थळ सकाळी ९ ते संध्याकाळी ७ उघडे असते आणि शेवटचा प्रवेश साडेपाचला मिळतो. हिवाळ्यात ते पाचलाच बंद होते आणि साडेतीननंतर आत घेत नाहीत. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर या दिवशी सुट्टी असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो, आणि नेमक्या त्याच कारणासाठी तो रविवार टाळावा.

तिकीट आधीच काढावे का? त्यावर नाव का असते?

आधीच काढावे. १५ नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला जास्तीत जास्त २०,००० लोकांनाच प्रवेश दिला जातो आणि तिकिटावर प्रत्येकाचे नाव असते, त्यामुळे पासपोर्ट किंवा दुसरे ओळखपत्र जवळ ठेवावे लागते. नाव पासपोर्टावर जसे आहे तसेच लिहावे. वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये घालायचे की नाही हा आपला नेहमीचा घोळ इथे टाळलेला बरा. गर्दीच्या हंगामात तिकीट सकाळ किंवा दुपार अशा वेळेच्या टप्प्यासाठी असते.

तिकिटाचे मुख्य प्रकार दोन आहेत. साध्या तिकिटावर तटाच्या आतले शहर पाहता येते. थोड्या महागड्या तिकिटात तटाबाहेरचे व्हिलाही येतात, आणि त्यांतला ‘रहस्यांचा व्हिला’ पाहण्यासाठी हे जादा पैसे जरूर मोजावेत. १८ वर्षांखालील मुलांना, ती कोणत्याही देशाची असोत, प्रवेश विनामूल्य आहे; परंतु वयाचा पुरावा दाखवावा लागतो. दर अधूनमधून बदलतात, म्हणून ते स्थळाच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत.

नेपल्सहून कसे पोहोचायचे?

स्थानिक रेल्वेने. रोमहून नेपल्सला वेगवान गाडीने सुमारे सव्वा तास लागतो. नेपल्सच्या मुख्य स्थानकाच्या खालच्या मजल्यावरून ‘चिर्कुमवेसुव्हियाना’ नावाची छोट्या गाड्यांची रेल्वे सुटते. तिच्या सोरेंतोकडे जाणाऱ्या गाडीत बसून ‘पोम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ या स्थानकावर उतरावे. ‘स्कावी’ म्हणजे उत्खनन. हा शब्द लक्षात ठेवला की चूक होत नाही. याच रेल्वेच्या दुसऱ्या मार्गावर ‘पोम्पेई सांतुआरियो’ नावाचे वेगळे स्थानक आहे आणि मुख्य रेल्वेचेही आजच्या पोम्पेई गावात एक स्थानक आहे. नुसते ‘पोम्पेई’ ऐकून मी पहिल्या खेपेला चुकीच्या गाडीत चढलो होतो. नुकसान काही झाले नाही, फक्त सकाळचा गारवा चालण्यात गेला.

प्रवास पस्तीस-चाळीस मिनिटांचा आहे, जागा राखून ठेवता येत नाही आणि गर्दी विरार लोकलची आठवण करून देते. बसायला जागा हवी असेल, तर गाडी जिथून सुटते त्या पोर्ता नोलाना स्थानकावर जाऊन चढावे. ते मुख्य स्थानकाच्या एकच थांबा अलीकडे आहे. पाकीट आणि मोबाईल पुढच्या खिशात ठेवावेत. पॉम्पेईला उतरल्यावर ‘तिकिटे इथे, रांग नाही’ असे म्हणत पुढे येणाऱ्यांना नम्रपणे नकार देऊन सरळ दरवाजाकडे चालू लागावे.

आत कोणत्या दरवाजाने जावे?

दरवाजे तीन आहेत: पोर्ता मरिना, पियात्सा एसेद्रा आणि पियात्सा अंफितेआत्रो. पहिले दोन रेल्वे स्थानकाजवळ असल्यामुळे बहुतेक सगळी गर्दी तिथे होते. अंफितेआत्रोच्या दरवाजापर्यंत पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते, पण शहराच्या या पूर्व टोकाने आत गेल्यास पहिला दीड तास तुम्ही गर्दीच्या उलट दिशेने फिरत असता आणि क्रीडागार (म्हणजेच अंफितेआत्रो, खेळ पाहण्याचे गोलाकार प्रेक्षागृह) जवळजवळ रिकामे मिळते. आत मोठ्या पिशव्या नेता येत नाहीत. ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठे सामान दारावर ठेवावे लागते. ते परत घेण्यासाठी त्याच दाराशी यावे लागेल, हे दरवाजा निवडतानाच ध्यानात घ्यावे.

नकाशावरचे I.8.5 असे आकडे म्हणजे काय?

हा घराचा पत्ता आहे, आणि तो वाचता आला की वाटाड्याची निम्मी गरज संपते. जुझेप्पे फियोरेल्ली या पुरातत्त्ववेत्त्याने एकोणिसाव्या शतकात शहराचे नऊ भाग पाडले. पहिला आकडा या भागाचा, दुसरा त्या भागातल्या घरांच्या ठोकळ्याचा आणि तिसरा दरवाजाचा. एखाद्या पेठेचा, आळीचा आणि घराचा क्रमांक एकापाठोपाठ लिहावा, तसेच हे. भाग आणि ठोकळा सांगणाऱ्या पाट्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींत बसवलेल्या दिसतात. प्रवेशद्वाराशी मिळणारा नकाशा घ्यावा आणि पाहायच्या घरांचे पत्ते आदल्या रात्रीच त्यावर लिहून ठेवावेत. मोबाईलवरचा नकाशा उपयोगी पडतो, मात्र कोणती घरे त्या दिवशी उघडी आहेत हे त्याला माहीत नसते. घरे आलटून-पालटून उघडतात आणि डागडुजीसाठी बंद राहतात. ६ नोव्हेंबर २०१० रोजी ‘स्कोला आर्मातुरारुम’ ही इमारत कोसळल्यावर डागडुजीची मोठी मोहीम हाती घेतली गेली. एखादे दार बंद दिसले, तर निदान त्यामागे हे कारण असू शकते एवढे समाधान मानावे.

नेमके काय पाहावे?

क्रीडागारापासून सुरुवात करू. इसवी सनापूर्वी ७० च्या सुमारास बांधलेले हे दगडी क्रीडागार आपल्याला माहीत असलेल्यांपैकी सर्वांत जुने आहे. रोमचे कलोसियम त्यानंतर जवळपास दीडशे वर्षांनी उभे राहिले. इथे सुमारे २०,००० प्रेक्षक मावत, म्हणजे आज दिवसभरात जेवढ्यांना शहरात प्रवेश मिळतो तेवढेच. इ.स. ५९ मध्ये खेळ पाहायला आलेल्या शेजारच्या नुकेरियाच्या लोकांशी इथे मोठी दंगल झाली आणि सम्राट नीरोच्या काळातल्या सिनेटने, म्हणजे रोमच्या राज्यसभेने, पॉम्पेईतल्या अशा खेळांवर दहा वर्षांची बंदी घातली.

तिथून जवळच ‘पळणाऱ्यांची बाग’ आहे, तिच्याविषयी पुढे सांगतो. पुढे व्हिया देल अबोंदान्झा हा मुख्य रस्ता धरून पश्चिमेकडे चालत राहावे. वाटेत दोन नाट्यगृहे आणि इसिस या इजिप्शियन देवीचे मंदिर लागते. इ.स. ६२ च्या सुमारास झालेल्या भूकंपात हे मंदिर पडले आणि नंतर ते एका सहा वर्षांच्या मुलाच्या नावाने पुन्हा बांधले गेले. बाप पूर्वाश्रमीचा गुलाम असल्याने त्याला नगरसभेत बसता येत नव्हते. पैसा बापाचा, नाव मुलाचे आणि नगरसभेतली जागाही त्या मुलाला! दाराच्या वरचा शिलालेख हे सारे उघड सांगतो.

पुढे स्ताबियाचे हमामखाने, मग शहराचा मुख्य चौक. चौकातल्या ज्युपिटर या रोमन देवाच्या मंदिरामागे व्हेसुव्हियस दिसतो आणि सगळे जण इथेच छायाचित्र काढतात. चौकाच्या उत्तरेला ‘फॉनचे घर’ आहे; सुमारे तीन हजार चौरस मीटरांचे हे घर एका अख्ख्या ठोकळ्यावर पसरलेले आहे. त्याच भागात ‘व्हेत्तींचे घर’ आहे. गुलामगिरीतून मुक्त होऊन धनाढ्य झालेल्या दोघांचे हे घर सुमारे वीस वर्षांच्या कामानंतर जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले. आत जाताना भडक चित्रांपेक्षा रचनेकडे पाहावे. मधला उघडा चौक, पागोळ्या झेलणारे खोलगट कुंड, भोवतीने खोल्या आणि मागे बाग: चौकाचा वाडा ज्याने आतून पाहिला आहे, त्याला हे घर परके वाटत नाही.

वेश्यागृहाच्या दाराशी मोठी रांग असते आणि आत दगडी पलंगांच्या अंधाऱ्या खोल्यांपलीकडे फारसे काही नाही. वेळ कमी असेल, तर तेच प्रथम गाळावे. ‘रहस्यांच्या व्हिला’साठी मात्र पाऊण तास हातचा राखावा. लाल पार्श्वभूमीवरच्या जवळजवळ माणसाएवढ्या उंचीच्या आकृती खोलीच्या भिंतींवरून चहूबाजूंनी फिरतात. त्यांचा अर्थ काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

रस्त्यांवर पाहण्यासारखे काय आहे?

माझ्या लेखी सर्वांत जास्त पाहण्यासारखे रस्तेच आहेत. रस्ता पदपथापेक्षा खोल आहे, कारण त्यातून पावसाचे आणि सांडलेले पाणी वाहत असे. मध्ये उभे केलेले मोठे दगड पाय न भिजवता पलीकडे जाण्यासाठी होते, आणि त्यांच्यामधली फट गाड्यांच्या चाकांसाठी होती. चाकोऱ्या इतक्या खोल गेल्या आहेत की त्यांत बोट घालून पाहावेसे वाटते. पदपथाच्या कडेला लहान भोके दिसतील. त्यांत जनावरांची दावी बांधत असावेत.

दुकानांचे उंबरठे बसून पाहावेत. त्यांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांब खाच असते आणि एका बाजूला दाराच्या खुंटीचे भोक असते. रात्री खाचेत एकेक फळी सरकवायची आणि शेवटी दार लावायचे, अशी ती सोय होती. जुन्या बाजारपेठेतल्या वाण्याच्या दुकानाला क्रमांक घातलेल्या फळ्या लावताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. काही दुकानांच्या ओट्यांत गोल तोंडाचे रांजण पुरलेले आहेत. तयार खाणे विकणाऱ्या अशा दुकानांपैकी एक, पाचव्या भागातले, २०२० मध्ये रंगवलेल्या चित्रांसकट पूर्ण मोकळे झाले आणि २०२१ पासून पाहता येते.

बेकऱ्यांमध्ये डमरूच्या आकाराची दगडी जाती आहेत. ती आपल्या जात्यासारखी बसून फिरवायची नव्हेत, तर घाण्याप्रमाणे गाढवे जुंपून फिरवायची. चौकाचौकांत पाण्याचे हौद आहेत, आणि त्यांच्या कडेवर पाणी पिताना टेकलेल्या हातांनी झिजून झालेला खळगा आजही तळव्याला लागतो. जवळच विटांचे मनोरे दिसतील. उंचावरून येणाऱ्या पाण्याचा जोर त्यांच्यावरच्या टाकीत मोडून ते पुढे शिशाच्या नळांनी सोडले जाई. कात्रजच्या नळावरचे उच्छ्वास पाहिलेल्या पुणेकरांना इथे आपसूक थांबावेसे वाटेल.

रस्त्यात किंवा भिंतीवर कोरलेले पुरुषाच्या लिंगाचे चिन्ह दिसले की ‘हा वेश्यागृहाकडे जाण्याचा बाण’ असे सांगणारा कोणीतरी हमखास शेजारी उभा असतो. रोमन लोकांत हे चिन्ह प्रामुख्याने दृष्ट लागू नये आणि भरभराट व्हावी म्हणून लावत. आपल्याकडे लिंबू-मिरची लावतात तसे.

इथली माणसे खरोखर दगडाची झाली का?

नाही. मुळात पॉम्पेई लाव्हारसाखाली गेले नाही. इ.स. ७९ च्या उद्रेकात आधी कित्येक तास हलक्या सच्छिद्र दगडांचा वर्षाव झाला, त्याच्या भाराने छपरे बसली आणि नंतर तप्त वायू व राखेचे लोट शहरावरून गेले. राखेत गाडलेली शरीरे कुजल्यावर त्यांच्या आकाराची पोकळी उरली. १८६३ मध्ये फियोरेल्लीने अशा पोकळ्यांत प्लॅस्टर ओतून साचे काढले. आपण पाहतो ते हे साचे आहेत, आणि आत बहुधा खरी हाडे आहेत. ‘पळणाऱ्यांच्या बागेत’ असे तेरा जण आहेत. तिथे आवाज आपोआप खाली येतो. सेल्फी काढू नये, हे सांगायची वेळ यावी हेच वाईट.

साच्यांभोवती रचलेल्या गोष्टींवर फार विसंबू नये. सोन्याचे कडे घातलेली आणि मूल घेतलेली ‘आई’ हा पुरुष होता आणि मुलाशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत आढळले. उद्रेकाची २४ ऑगस्ट ही रूढ तारीखही आता डळमळीत आहे. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर १७ ऑक्टोबरशी जुळणारी तारीख कोळशाने लिहिलेली सापडली, आणि त्यावरून उद्रेक शरद ऋतूत झाला असावा असे अनेक अभ्यासक मानतात.

मूळ चित्रे आणि वस्तू कुठे आहेत?

बऱ्याचशा नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. १७४८ मध्ये उत्खनन सुरू झाले ते नेपल्सच्या बुर्बों घराण्यातल्या राजाच्या हौसेने, आणि चांगली चित्रे भिंतींवरून कापून राजसंग्रहात नेली गेली. ‘फॉनच्या घरा’तला अलेक्झांडरच्या लढाईचा प्रसिद्ध मोझेकही (बारीक रंगीत तुकडे जडवून केलेले चित्र) १८४३ पासून तिथेच आहे, घरात पाहता ती प्रतिकृती. म्हणून संग्रहालयाला निदान अर्धा दिवस द्यावा, आणि शक्यतो पॉम्पेई पाहून झाल्यावर द्यावा, म्हणजे कोणती वस्तू कोणत्या खोलीत होती हे डोळ्यांपुढे येते. मंगळवारी संग्रहालय बंद असते.

मराठी माणसाने तिथे एक वस्तू शोधून पाहावी. I.8.5 या घरात १९३८ मध्ये पुरातत्त्ववेत्ते अमेदेओ मायुरी यांना वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना छोट्या दासी असलेली ही मूर्ती निःसंशय भारतीय आहे. आधी तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता बहुतेक अभ्यासक यक्षी म्हणतात. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाल्या आहेत. तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातले ‘तगर’, जिथला माल भडोचमार्गे समुद्रापार जाई. मूर्तीवर खरोष्ठी या वायव्येकडच्या प्राचीन लिपीतले अक्षर असल्यामुळे काही जण तिचा संबंध वायव्य भारताशीही जोडतात, त्यामुळे ती आपल्याकडचीच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही तेरचे संग्रहालय आधी पाहून गेलेल्या माणसाला नेपल्समध्ये ओळखीचा चेहरा भेटतो, एवढे खरे. जातच आहात तर वाकडी वाट करून तेरला जाऊन या.

हर्क्युलेनियम आणि व्हेसुव्हियसही त्याच दिवशी पाहता येतील का?

तिन्ही नाही. हर्क्युलेनियम हे त्याच उद्रेकात गाडले गेलेले दुसरे शहर याच रेल्वेवर ‘एर्कोलानो स्कावी’ स्थानकाजवळ आहे. ते लहान आहे, अडीच-तीन तासांत पाहून होते आणि तिथे जळून कोळसा झालेल्या तुळया, दारे आणि वरचे मजलेही टिकून आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्याने एकच निवडायचे झाले, तर मी हर्क्युलेनियम सुचवेन. व्हेसुव्हियस १,२८१ मीटर उंच आहे, त्याच्या मुखापर्यंत जाण्यासाठी वेळ ठरवून आधी तिकीट काढावे लागते आणि शेवटची चढण पायीच करावी लागते. त्याचा शेवटचा उद्रेक मार्च १९४४ मध्ये झाला. तो आजही जिवंत ज्वालामुखी आहे आणि त्यावर सतत देखरेख असते.

खाण्यापिण्याची सोय काय? शाकाहारी लोकांचे काय?

आत चौकाजवळ एक उपाहारगृह आहे, तिथे दुपारी गर्दी असते. पाण्याची रिकामी बाटली जवळ ठेवावी. रस्त्यांवरच्या काही जुन्या हौदांना आज पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, आणि रोमन हौदावर बाटली भरण्याची मजा वेगळीच. बाहेर शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. मरिनारा पिझ्झात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते. चीज किंवा मासळी नसते. पार्मेझान चीजमध्ये मात्र वासराच्या जठरातले विरजण वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पास्त्यावर चीज नको, असे आधीच सांगावे. लसूणही न खाणाऱ्यांनी थेपले बरोबर नेलेले बरे.

वयस्कर आई-वडिलांना किंवा लहान मुलांना नेता येईल का?

येईल, पण रस्त्यांवरचे दगड उंच-सखल आणि गुळगुळीत झालेले आहेत, पाऊस पडला की निसरडे होतात. चामड्याच्या तळाच्या चपला किंवा नवे कोरे बूट नकोत. घट्ट पकड असलेले, वापरून रुळलेले बूट घालावेत. बाबागाडी निरुपयोगी ठरते, मूल पाठीवर घ्यावे. चाकाच्या खुर्चीसाठी अंफितेआत्रोच्या दरवाजापासून चौकाच्या दिशेने तीन किलोमीटरहून लांब असा सपाट मार्ग आखलेला आहे. ज्येष्ठांनीही चाकाची खुर्ची नसली तरी तोच धरावा. मुख्य ठिकाणे त्यावर येतात आणि पायाखाली दगड लागत नाहीत.

व्हिसासाठी किती आधी तयारी करावी?

भारतीय पासपोर्टधारकाला इटलीसाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा) लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून तीन महिने हातात ठेवावेत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो. पॉम्पेईचे तिकीट मात्र व्हिसा हाती पडल्यावरच काढावे, कारण त्यावर नाव असते आणि ते दुसऱ्या कोणाला सहज देता येत नाही.